'हाताने वाढवलेला' पिप : एका इंग्रजी शब्दप्रयोगाचा शोध

चार्ल्स डिकन्सच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' या कादंबरीत दुसऱ्या प्रकरणाच्या आरंभीच एक शब्दप्रयोग येतो आणि पुढे तो पुनःपुन्हा भेटत राहतो. पिप हा अनाथ पोरगा. त्याच्याहून वीस वर्षांनी मोठ्या असलेल्या बहिणीने त्याला वाढवलेले. तिने त्याला 'ब्रॉट अप बाय हँड' केले, म्हणजे शब्दशः 'हाताने वाढवले', याचा तिला केवढा तरी अभिमान. शेजारीपाजारीही त्याबद्दल तिची वाहवा करतात. पिपला मात्र या शब्दांचा अर्थ कोणी सांगत नाही. तो आपल्यापुरता अर्थ लावून घेतो. बहिणीचा हात जड आहे, तो आपल्या पाठीवर पडतो, तिच्या नवऱ्याच्या, म्हणजे जोच्याही पाठीवर पडतो. तेव्हा आपण दोघेही 'हाताने वाढवलेले' असणार.

येथे इंग्रज वाचक हसला. ही कादंबरी डिसेंबर १८६० ते ऑगस्ट १८६१ या काळात 'ऑल द इयर राउंड' या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध होत होती. त्या वाचकाला खरा अर्थ ठाऊक होता, म्हणून पोराने लावलेला अर्थ त्याला गमतीचा वाटला. विनोदाला दोन पाय असतात. त्यातला एकच पाय आमच्या विद्यार्थ्याच्या हाती लागतो. तो पिपचा अर्थ वाचतो आणि तोच खरा मानून पुढे जातो, किंवा मग बाजारातल्या गाइडवर विसंबतो.

मी इंग्रजी शिकवतो. या शब्दप्रयोगाचा अर्थ लिहा म्हटले की उत्तरे साधारण तीन प्रकारची येतात. एक : 'बहिणीने त्याला स्वतःच्या हाताने लहानाचे मोठे केले.' दुसरे : 'मारून-मुटकून वाढवले.' तिसरे उत्तर जरा मराठीचा अभिमान असलेल्या मुलांचे असते : 'तळहाताच्या फोडाप्रमाणे जपले.' हे तिसरे उत्तर तर अर्थाचा अनर्थ आहे. जी बाई भिंतीच्या कोपऱ्यात 'टिकलर' नावाची वेताची छडी ठेवते आणि सटासट वापरते, तिने त्याला तळहाताच्या फोडाप्रमाणे जपले कसे? पण मुलांना दोष देता येत नाही. मराठीत 'हात' आणि 'वाढवणे' हे दोन शब्द जवळ आले की मन त्याच वाटेने जाते.

ज्याच्या घरात आजोबांपासून इंग्रजी आहे त्याला अशा वेळी विचारायला कोणीतरी असते. माझ्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेले नव्हते, आणि माझ्या वर्गातल्या निम्म्याअधिक मुलामुलींची आज तीच स्थिती आहे. आपल्याच आयुष्याबद्दल बोलला जाणारा शब्द आपल्याला कोणी उलगडून सांगत नाही, तो आपला आपण शोधावा लागतो, ही पिपची अडचण आम्हाला फार ओळखीची आहे. म्हणून हा शोध मला केवळ शब्दकोशाचा वाटत नाही.

लहान शब्दकोश येथे कामाला येत नाही. 'बाय हँड' म्हणजे यंत्राने नव्हे, हाताने. हाताने शिवलेले कापड, हाताने लिहिलेले पत्र. मूल काही यंत्राने वाढत नाही. पहिला धागा सापडतो तो माणसांच्या गोष्टीत नव्हे, मेंढरांच्या. मेंढी मेली किंवा तिने कोकराला अंगाशी घेतले नाही, तर इंग्लंडचा शेतकरी त्या कोकराला बाटलीने दूध पाजून जगवतो. अशा कोकराला आजही 'हँड-रिअर्ड' म्हणतात. प्राणिसंग्रहालयात आईवेगळी पिले वाढवतात, तेथेही हाच शब्द वापरतात.

दुसरा धागा डिकन्सच्याच 'ऑलिव्हर ट्विस्ट'मध्ये आहे. ही कादंबरी १८३७ ते १८३९ मधली, म्हणजे पिपच्या वीस-बावीस वर्षे आधीची. ऑलिव्हर दरिद्रीगृहात जन्मतो आणि आई तेथेच मरते. पुढचे आठ-दहा महिने या पोराची पद्धतशीर फसवणूक चालली होती असे सांगून डिकन्स लगोलग नेमका हाच शब्दप्रयोग करतो. मग दरिद्रीगृहाचे अधिकारी आणि पॅरिशचे अधिकारी यांचा कागदी व्यवहार येतो. या अर्भकाला आवश्यक तो आधार आणि पोषण देऊ शकेल अशी कोणी स्त्री तेथे आहे काय, अशी विचारणा होते. उत्तर येते, नाही. येथे अर्थ उघडा पडतो. पाजायला बाई नाही. म्हणून पोर 'हाताने'. आईच्या किंवा दाईच्या अंगावर न पाजता चमच्याने, बोंडल्याने, बाटलीने भरवून वाढवणे, हा या शब्दप्रयोगाचा रोखठोक अर्थ.

याला तिसरा दुजोरा घरगुती आहे. इसाबेला बीटन हिचे गृहव्यवस्थेवरचे जाडजूड पुस्तक १८६१ साली ग्रंथरूपाने निघाले, म्हणजे पिपची कथा साप्ताहिकात संपत होती त्याच वर्षी. त्यात तान्ह्या मुलांच्या संगोपनाच्या भागात 'हाताने वाढवणे' यावर स्वतंत्र मजकूर आहे. मध्यमवर्गीय गृहिणीच्या स्वयंपाकघरातल्या पुस्तकात जो शब्द मथळ्याला बसतो, तो त्या समाजाला कोडे नव्हताच. कोडे आपल्यासाठी आहे.

आता गंमत पाहा. विद्यापीठातून इंग्रजीची पदवी घेतलेला माणूस ज्या शब्दावर अडतो, त्याचा नेमका प्रतिशब्द आमच्या वस्तीतल्या कोणत्याही म्हातारीच्या तोंडी आहे. बाळंतीण दगावली की बाया विचारतात, 'लेकरू अंगावर कुणी घेतलं का वरच्या दुधावर हाय?' वरचे दूध! आईच्या अंगावरचे नव्हे ते वरचे. 'ब्रॉट अप बाय हँड' म्हणजे 'वरच्या दुधावर वाढवलेला'. बोंडले ही वस्तूसुद्धा आपल्याकडे होती. पन्हळीसारखी चोच असलेली ती वाटी आणि इंग्रजांची 'पॅप-बोट' या सख्ख्या बहिणी शोभाव्यात. गाइड लिहिणाऱ्याने शब्दकोश मिटून घरातल्या स्वयंपाकघराकडे पाहिले असते तर अर्थ सापडला असता. पण विद्वत्तेची आमच्याकडची रीतच अशी, की बायकांच्या तोंडचे शब्द ज्ञानात जमा होत नाहीत.

शब्दाचा अर्थ लागला म्हणजे काम संपले असे मला वाटत नाही. उलट आता कादंबरी पुन्हा वाचावी लागते, आणि या वेळी ती वेगळी दिसते.

वरचे दूध ही आज साधी गोष्ट वाटते. पिपची कथा घडते तो काळ एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचा. रबराचे बोंड तेव्हा निघालेले नव्हते. त्याचे अमेरिकेतले पहिले पेटंट १८४५ सालचे. चमचा, शिंग, चिंधीची वात, पॅप-बोट ही साधने. पाजायचे काय? पाव पाण्यात किंवा दुधात भिजवून केलेली पेज. भांडे उकळून घ्यावे, दूध तापवावे, हे कोणी सांगणार नव्हते. जंतूंविषयीचे पाश्चरचे प्रयोग १८६० च्या आसपासचे आहेत. अशा पोरांना हगवण लागे आणि ती जात. लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटलने १७४१ पासून टाकलेली मुले घ्यायला सुरुवात केली आणि ती खेड्यापाड्यांतल्या दायांकडे अंगावर पाजायला पाठवण्याची पद्धत ठेवली, ती हौसेपोटी नव्हे. 'हाताने वाढवले' म्हणजे बहुधा वाढलेच नाही, हा अनुभव त्या समाजाच्या गाठीशी होता. ऑलिव्हरच्या बाबतीत डिकन्स फसवणूक हा शब्द वापरतो तो यासाठी. १८३४ च्या नव्या दारिद्र्य कायद्याखाली दर पोरामागे आठवड्याला साडेसात पेन्स घेणारी मिसेस मान त्यातला बराचसा भाग स्वतःच खाते, आणि दहातली साडेआठ पोरे कशीबशी मरून जातात, असा कडू हिशेब तो देतो.

हे ध्यानात घेऊन पिपच्या गोष्टीकडे या. कादंबरी उघडते ती स्मशानात. आई, बाप आणि पाच लहान भाऊ यांची थडगी. केंट परगण्यातल्या कूलिंग गावच्या चर्चच्या आवारात लहान मुलांची तेरा थडगी आहेत आणि लोक त्यांना पिपची थडगी म्हणून दाखवतात. कादंबरीत ती पाच आहेत. एका घरातले पाच मुलगे गेले आणि सहावा वाचला. कोणी वाचवला? त्या वेळी विशी ओलांडलेल्या, लग्न न झालेल्या एका मुलीने. लग्न झाले नव्हते हे कशावरून? सातव्या प्रकरणात जो पिपला सांगतो, की तुझ्या बहिणीची माझी ओळख झाली तेव्हा ती तुला हाताने वाढवते आहे याचीच गावभर चर्चा होती. जो आणखी एक गोष्ट सांगतो : तू इतका लहान, इतका मऊ-लिबलिबीत आणि केविलवाणा होतास, की स्वतःला पाहिले असतेस तर तुला स्वतःबद्दल काहीच बरे वाटले नसते. म्हणजे पोर अशक्त होते. आईबाप गेलेले. तिच्या अंगावर दूध असण्याचा प्रश्नच नव्हता. शब्दप्रयोगाचा अर्थ येथे अक्षरशः लागू पडतो आणि बढाईमागची वस्तुस्थिती दिसू लागते. तिने खरोखरच एक अवघड गोष्ट करून दाखवली होती.

बहुतेक समीक्षा मिसेस जोला कजाग बाई म्हणून निकालात काढते. पिपच्या नजरेने पाहिले तर ती तशी आहेच, आणि तिच्या छडीची वकिली मला करायची नाही. पण पिपनेच सांगितलेल्या तपशिलातून दुसरी एक बाई दिसते. नाताळच्या जेवणाच्या वेळी पाहुण्यांपैकी एक बाई, मिसेस हबल, सहानुभूतीने म्हणते की या पोराने तुम्हाला फार त्रास दिला असेल. त्यावर मिसेस जो पिपच्या अपराधांची यादी वाचते : त्याची आजारपणे, त्याची जागरणे, तो कुठून पडला, कशात पडला, आणि हा एकदाचा थडग्यात जाईल तर बरे असे तिला किती वेळा वाटले नि तो हट्टाने गेला नाही. डिकन्स हे विनोदासाठी लिहितो. मला ही यादी एखाद्या मजुराच्या हजेरीपटासारखी वाटते. जागरण पिपचे होते तसे ते कोणाचे तरी आणखी होते. रात्री दर दोन-तीन तासांनी उठून चूल पेटवून पेज कोमट करणारे कोणीतरी होते. त्या कामाची मजुरी नाही, सुटी नाही. पिप जन्मला त्या दिवसापासून कमरेचा एप्रन सुटला नाही असे ती म्हणते, ते बढाई म्हणून सोडून देता येईल. मला ते कामगाराचे गाऱ्हाणे वाटते. कादंबरीत तिला स्वतःचे नावही जवळजवळ मिळत नाही. ती नवऱ्याच्या नावाने ओळखली जाते.

त्या एप्रनकडेच जरा बारकाईने पाहू. त्याच्या छातीवरच्या चौकोनी भागात टाचण्या आणि सुया खोचलेल्या असतात. पाव कापताना ती पाव छातीशी दाबून धरते. मग एखादी टाचणी, एखादी सुई पावात शिरते आणि खाणाऱ्याच्या तोंडात येते. जिथे दूध असायचे तिथे सुया! डिकन्सने हे जाणीवपूर्वक केले की नाही हा वाद मी घालणार नाही. पण 'हाताने वाढवणे' याचा दूध-पाव अर्थ माहीत नसेल तर हे चित्र नुसते विक्षिप्त राहते. माहीत असेल तर वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. जिला आई होण्याचा वेळ मिळाला नाही आणि आईचे काम मात्र गळ्यात पडले, तिचे हे शरीर आहे.

मग अंगावरचे दूध जात कोठे होते? हा प्रश्न 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' विचारत नाही. त्यासाठी १८४६ ते १८४८ मधल्या 'डॉम्बी अँड सन'कडे जावे लागते. श्रीमंत व्यापारी डॉम्बी याची बायको मुलाला जन्म देऊन मरते. तो पोराला वरच्या दुधावर सोडत नाही. तो दूध विकत घेतो. रेल्वेत कोळसा टाकणाऱ्या टूडलची बायको पॉली हिला कामावर ठेवले जाते. अटी ऐकण्यासारख्या आहेत. तिचे नाव या घरात 'रिचर्ड्स' राहील, कारण ते सोयीचे आहे. तिने पोराला जीव लावण्याचे कारण नाही. ही भाड्याने देण्याघेण्याची गोष्ट आहे, मुदत संपली की दोन्ही बाजूंनी विसरायची. आणि पॉलीचे स्वतःचे तान्हे पोर? ते तिच्या अविवाहित बहिणीकडे, जेमायमाकडे राहते. अविवाहित मावशी त्याला पाजणार कशी? डिकन्स त्याचा उल्लेख करीत नाही. उत्तर एकच संभवते, 'हाताने'.

या शब्दप्रयोगाचा सामाजिक हिशेब येथे लागतो. श्रीमंताचे पोर गरिबाच्या अंगावर, आणि गरिबाचे पोर बोंडल्यावर. जे दूध एका घरात पोहोचते ते दुसऱ्या घरातून निघालेले असते. जॉर्ज मूरने १८९४ च्या 'एस्थर वॉटर्स'मध्ये हे उघड मांडले. मोलकरीण एस्थर एका मालकिणीच्या मुलीला पाजायला राहते. तिचे स्वतःचे पोर पैसे घेऊन पोरे सांभाळणाऱ्या बाईकडे खंगते. तिच्याआधी त्याच घरी आलेल्या दोन दायांची पोरे मेली, हे कळते तेव्हा तिला समजते की एका पोराच्या जिवाच्या मोबदल्यात दुसरे पोर वाढवले जात आहे. ती काम टाकून निघून जाते. डिकन्सच्या पॉलीला हा शब्दांतला राग येत नाही. ती फक्त चोरून आपल्या मुलांना भेटायला जाते आणि नोकरी गमावते. मूरची एस्थर मला या बाबतीत अधिक जवळची वाटते.

गिरण्यांत काम करणाऱ्या बायांची गोष्ट याहून निराळी नव्हती. एंगल्सने १८४५ साली इंग्रज कामगारवर्गाबद्दल लिहिताना, पोरांना गप्प ठेवण्यासाठी 'गॉडफ्रीज कॉर्डिअल' हे अफूचे औषध पाजले जाते, याची नोंद केली आहे. मुंबईच्या गिरणगावातल्या आयाही पाळीवर जाताना तान्ह्याला अफूची बारीक गोळी देत. लँकेशायरच्या आणि परळच्या पोरांमध्ये सात समुद्रांचे अंतर होते, पण आईच्या अंगावरच्या दुधाच्या वेळा दोन्हीकडे भोंगाच ठरवीत होता. १९२८ च्या जुलैत मुंबई कायदेमंडळात गिरणी कामगार स्त्रियांच्या प्रसूतिलाभाच्या विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला. १९२९ साली कायदा झाला. 'हाताने वाढवणे' या शब्दाचा कायद्याच्या बाजूने विचार करायचा तर तो असा करावा लागतो. आई घरी राहू शकली तर पोर हातावर येत नाही.

आता मी या शब्दप्रयोगाच्या दुसऱ्या उपयोगाकडे येतो, आणि मला तोच अधिक झोंबतो. कादंबरीत हा शब्द अर्थ सांगण्यासाठी क्वचित आणि वसुलीसाठी वारंवार वापरला जातो. नाताळच्या जेवणावर पिपला मांसाचे नको ते तुकडे वाढले जातात आणि बजावले जाते, की ज्यांनी तुला हाताने वाढवले त्यांचे उपकार स्मर. बी-बियाण्यांचा व्यापारी पंबलचूक तर पिपला समोर उभे करून, हाच तो तुम्ही हाताने वाढवलेला मुलगा, अशी ओळख करून देतो, जणू कोर्टात माल हजर करीत आहे. लक्षात घ्या, पंबलचूकने एका रात्रीचेही जागरण केलेले नाही. ज्या बाईने केले तिच्या कष्टावर तो उपकाराचे व्याज खातो. पुढे पिपला पैसा मिळतो तेव्हा त्याच्या भाग्याचा पहिला शिल्पकार आपणच असे हा गृहस्थ गावभर सांगत सुटतो; आणि पिप कफल्लक होऊन परत येतो तेव्हा खानावळीत बसून त्याच्या कृतघ्नतेवर प्रवचन करतो.

हा आवाज आपल्या वाचकांना अपरिचित नाही. शिष्यवृत्ती, वसतिगृह, राखीव जागा यांपैकी काहीही आपल्या वाट्याला आले की लगेच कोणीतरी पंबलचूक उभा राहतो आणि 'आम्ही तुम्हाला वर आणले' म्हणतो. जो देतो तो सहसा बोलत नाही. ज्याने काहीच दिलेले नसते त्याला कृतज्ञतेची फार घाई असते. आणि ज्यांच्या कष्टाने आपण खरोखर वाढलो त्या बाया कुठल्याही सत्काराच्या व्यासपीठावर दिसत नाहीत. गावोगाव सुईणीचे काम अनेक ठिकाणी मांगवाड्यातल्या बाईकडे असे. सवर्णाच्या पोराला जगात पहिला हात लागे तो तिचा. नाळ कापून झाली की तोच हात विटाळाचा ठरे. पंबलचूक तिच्या दाराशी कधी आभार मानायला गेला नाही.

याच कादंबरीत बिडी नावाची मुलगी आहे. तीही पिपसारखीच अनाथ आणि तिच्याबद्दलही लेखक अगदी हाच शब्दप्रयोग एकदा वापरतो. पण तिच्या बाबतीत कोणी वसुली करीत नाही. मिसेस जोवर हल्ला होऊन तिची वाचा जाते, तेव्हा हीच बिडी येऊन तिची सेवा करते; पाटीवरच्या तिच्या वेड्यावाकड्या खुणांचा अर्थ लावते. एक हाताने वाढवलेली मुलगी दुसऱ्याला हाताने वाढवणाऱ्या बाईला शेवटी हाताने भरवते. मरताना मिसेस जोच्या तोंडून जो आणि पिप यांची नावे आणि क्षमेचा शब्द निघतो. डिकन्सने तिला बोलकेपणी न्याय दिला नाही. मुकी झाल्यावर थोडा दिला. पुरुष लेखकाची ही सोय मला मान्य नाही, पण निदान त्याने नोंद ठेवली.

'हात' हा शब्द डिकन्सकडे नेहमीच वर्गाचा शब्द आहे. 'हार्ड टाइम्स' मध्ये गिरणी कामगारांना 'हँड्स' म्हणतात, आणि देवाने यांना नुसतेच हात दिले असते, फार तर हात आणि पोट दिले असते, तर काही लोकांना ते अधिक आवडले असते, अशी टोचणी तो लावतो. पिपला आपल्या हातांची लाज वाटते ती एस्टेलाने त्यांना राकट म्हटल्यावर; तोवर त्याने आपल्या हातांकडे कधी पाहिलेच नव्हते. लोहाराच्या भट्टीत वाढलेल्या पोराचे हात दुसरे कसे असणार?

भाषांतराचा प्रश्न राहतोच. 'वरच्या दुधावर वाढवले' असे केले तर अर्थ पूर्ण येतो, पण हात जातो आणि पोराचा गोड गैरसमज मराठीत बसतच नाही. 'हाताने वाढवले' ठेवले तर हात राहतो, दूध जाते. मी वर्गात 'हातच्या दुधावर वाढवले' असे सुचवतो. रूढ मराठीत ते कोणी म्हणत नाही, पण आजीला सांगितले तर तिला कळते, आणि 'हातचे' हा शब्द ऐकून पोराला छडीही आठवू शकते. याहून चांगले कोणाला सुचले तर हवेच आहे.

जोचा उल्लेख शेवटी करायचा राहिला, कारण शब्दाला खरा अर्थ तोच देतो असे मला वाटते. पिप साहेब होतो, जोची त्याला लाज वाटू लागते, लंडनला जो भेटीला येतो तेव्हा पिपला 'सर' म्हणतो. शिकून शहरात गेलेल्या मुलाच्या खोलीत बापाने खुर्चीच्या काठावर बसावे, तसे ते प्रकरण आहे; आपल्यापैकी अनेकांना ते वाचवत नाही. पुढे सगळे ओसरते. पिप कर्जात बुडतो, तापाने फणफणतो, आणि शुद्धीवर येतो तेव्हा उशाशी जो असतो. तो त्याला भरवतो, उचलून गाडीत बसवतो. पिप सांगतो की त्या दिवसांत मी त्याच्या हातात लहान मुलासारखा होतो. मोठ्या हातोड्याचे घाव घालणारा लोहाराचा हात येथे बोंडल्याचे काम करतो. बिडीने त्याला एव्हाना लिहायला शिकवले आहे. पिपच्या टेबलाशी बसून तो मोठ्या कष्टाने पत्र लिहितो आणि त्याचा त्याला कोण आनंद होतो.

पिपला बरे वाटू लागते तसा जो पुन्हा अवघडतो. मधूनच त्याच्या तोंडी 'सर' येऊ लागते. एके दिवशी पहाटे पिप उठतो तर जो निघून गेलेला असतो. न्याहारीच्या टेबलावर दोन ओळींची चिठ्ठी असते, आणि तिच्यासोबत ज्या कर्जापायी पिपला अटक होणार होती ते खर्चासकट फेडल्याची पावती. उपकाराचा एक शब्दही त्यात नाही.